कारखाना मागे काय ठेवतो

बँक ऑफ बडोदाने भारताबाहेरच्या आपल्या पहिल्या शाखा १९५३ साली उघडल्या, त्या मोंबासा आणि कंपाला येथे. लंडनची शाखा त्यानंतर चार वर्षांनी आली. ज्यांना बडोदे ठाऊक आहे त्यांना या क्रमाचे नवल वाटणार नाही. चरोतर, सौराष्ट्र आणि कच्छ येथील कुटुंबांचा पूर्व आफ्रिकेशी व्यापार त्याआधी कित्येक वर्षे चालत आला होता आणि माणसे जिथे गेली तिथे त्यांच्या मागोमाग पेढीही गेली. स्वाहिलीत दुकानाला ‘दुका’ आणि पैशाला ‘पेसा’ म्हणतात, यावरून तो व्यवहार किती खोल रुजला होता हे कळते. आमच्या दांडिया बाजारातही अशी मराठी घरे होती, ज्यांतला एखादा मुलगा हिशेबनीस किंवा शिक्षक म्हणून नैरोबीला नाहीतर जिंजाला गेलेला असे आणि दिवाळीच्या सुमारास त्याचे पत्र आले की ते साऱ्या वाड्यात वाचून दाखवले जाई.

आफ्रिका खंडाच्या आर्थिक विकासात खासगी उद्योगाचे स्थान काय असावे, हा प्रश्न म्हणूनच बडोद्याच्या माणसाला दूरचा नाही. या प्रश्नावर आपल्याकडे सहसा दोन मते ऐकू येतात. एका मताप्रमाणे स्वातंत्र्यानंतरच्या साठ वर्षांत तिथल्या सरकारांनी संधी वाया घालवली, परदेशी मदतीने लाचारी वाढली, तेव्हा आता उद्योजकांना मोकळे रान द्यावे. दुसऱ्या मताप्रमाणे पूर्वी गोऱ्यांच्या राजवटीने जे केले तेच आता कंपन्या करीत आहेत, आणि खासगी भांडवल म्हणजे खाणीतून माल काढून बंदरापर्यंत पोहोचवण्याची सोय एवढेच. मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. खासगी उद्योगावाचून आफ्रिकेला गत्यंतर नाही, याविषयी माझ्या मनात शंका नाही. आफ्रिकी विकास बँकेच्या अंदाजाप्रमाणे त्या खंडात दरवर्षी एक ते सव्वा कोटी तरुण रोजगार शोधू लागतात आणि औपचारिक नोकऱ्या निर्माण होतात जेमतेम तीस लाख, तेव्हा ही दरी कोणतेही सरकार स्वतःच्या कचेऱ्यांमध्ये माणसे भरून बुजवू शकणार नाही. परंतु उद्योगाने एखाद्या प्रदेशाचा विकास तेव्हाच केला आहे, जेव्हा त्याने स्थानिक माणसांच्या हाती कसब, पत आणि वाटाघाटीचे बळ ठेवले. आणि हे उद्योग आपण होऊन ठेवत नाही, त्याच्याकडून ते ठेवून घ्यावे लागते. ते काम राज्यसंस्थेचे आहे.

या मतापर्यंत मी बडोद्याच्या इतिहासातून आलो. डभोई ते मियागाम ही अरुंद मापाची रेल्वे खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ साली सुरू झाली तेव्हा तिचे डबे बैल ओढत असत. त्या मार्गावर वाफेचे इंजिन नियमित धावू लागायला १८७३ उजाडले. कापूस मुख्य मार्गापर्यंत पोहोचावा म्हणून संस्थानाने केलेला तो खर्च होता, आणि त्यातून नफा किती दिवसांत सुटेल याचा विचार करणारा कोणताही सावकार त्या भानगडीत पडला नसता. पुढे सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले. त्रिभुवनदास गज्जर हे त्याचे पहिले प्रमुख; रंगकाम, यंत्रकाम, वास्तुकला, छायाचित्रण असे हाताला आणि डोळ्याला वळण लावणारे शिक्षण तिथे मिळे, आणि दादासाहेब फाळके त्याच कलाभवनात शिकले हे आपण मराठी लोक अभिमानाने सांगतो. १८९३ मध्ये अमरेली प्रांतात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले, १९०६ मध्ये ते साऱ्या संस्थानात लागू झाले. त्यानंतर, १९०७ मध्ये, गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्या पुढाकाराने अलेम्बिक हा औषधी व रसायनांचा कारखाना उभा राहिला, आणि १९०८ मध्ये बँक. आधी रूळ, मग कर्मशाळा, मग शाळा, त्यानंतर कारखाना आणि पतपेढी असा हा क्रम आहे. अलेम्बिक हा खासगी उद्योग होता, त्यात धोका पत्करणाऱ्यांचे श्रेय त्यांचेच आहे. पण कलाभवनाची सतरा वर्षे त्याच्या पाठीशी नसती, तर तो कारखाना मुंबईत किंवा कलकत्त्यात निघाला असता, बडोद्यात निघाला नसता.

स्वातंत्र्यानंतर तीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. अंकलेश्वरचे तेल सापडले १९६० साली. सोव्हिएत साहाय्याने उभारलेला, बडोद्याजवळच्या कोयलीचा सरकारी तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ साली सुरू झाला. खतांचा आणि पेट्रोरसायनांचा उद्योग त्याच्या मागोमाग आला. मकरपुरा आणि नंदेसरी येथील शेकडो लहान-मध्यम खासगी कारखाने या मोठ्या सार्वजनिक उद्योगांना सुटे भाग पुरवत किंवा त्यांच्याकडून कच्चा माल घेत वाढले. या वाढीची किंमतही आम्ही मोजली आहे. नंदेसरीच्या परिसरातील विहिरींचे पाणी काय झाले, हे तिथल्या गावकऱ्यांना विचारावे. रासायनिक सांडपाणी खंभातच्या आखाताकडे वाहून नेणारी वाहिनी बांधावी लागली ती कारखाने आल्यावर बऱ्याच वर्षांनी. म्हणजे राज्यसंस्थेने पाया घातला तरी लगाम वेळेवर हाती घेतला नाही, तर भूमीचे नुकसान होतेच. आफ्रिकेला उपदेश करण्याच्या भूमिकेवरून मी हे लिहीत नाही. आमच्याच अंगणात जे पाहिले त्याच्या आधारे लिहितो.

आता पूर्व आफ्रिकेकडे वळू. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली. त्यासाठी सुमारे बत्तीस हजार भारतीय मजूर नेण्यात आले आणि त्यांपैकी सुमारे अडीच हजार तिथेच मरण पावले. त्या लोहमार्गाच्या आधाराने आतल्या मुलुखात जी दुकाने, कापसाच्या जिनिंग गिरण्या आणि पुढे साखर कारखाने उभे राहिले, त्यांतले बहुतेक गुजराती व्यापाऱ्यांचे होते, आणि त्या कुटुंबांचे धैर्य व कष्ट वादातीत आहेत. युगांडात नानजी कालिदास मेहता यांनी लुगाझीला आणि माधवानी कुटुंबाने काकिराला उभे केलेले साखर कारखाने त्या देशाच्या अर्थव्यवस्थेचा कणा बनले. परंतु ब्रिटिश राजवटीने त्या समाजाची उतरंड रचली होती: वर गोरे अधिकारी, मध्ये भारतीय व्यापारी, खाली आफ्रिकी शेतकरी. आफ्रिकी माणसाला व्यापारासाठी उधारी देण्यावर केनिया आणि टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) या प्रदेशांत कायद्याने बंधने होती. युगांडात १९४९ साली जे दंगे झाले, त्यांतल्या मागण्यांमध्ये आपला कापूस आपणच जिनिंग करून विकण्याचा हक्क शेतकऱ्यांना मिळावा, ही एक मागणी होती. आपण पिकवलेल्या कापसाची सरकी वेगळी करण्याचा हक्कही मागावा लागतो, त्या देशात खासगी उद्योग भरपूर असूनही देशी उद्योजक कुठून यावा?

ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीन याने भारतीय वंशाच्या लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. तो हुकूम अन्यायी होता, वंशद्वेषाचा होता, आणि त्यात युगांडाचेही अतोनात नुकसान झाले. दुकाने आणि कारखाने लष्करी अधिकारी व मर्जीतल्या माणसांना वाटले गेले, यंत्रे मोडली, साखरेचे उत्पादन काही वर्षांत नगण्य झाले. १९८६ नंतर योवेरी मुसेवेनी यांच्या सरकारने मालमत्ता परत करण्याचे धोरण राबवले, अनेक कुटुंबे परतली आणि कारखाने पुन्हा सुरू झाले. या इतिहासाचा निष्कर्ष म्हणून आपल्याकडे एवढेच सांगितले जाते की उद्योजकाला हाकलले तर देश बुडतो. ते खरे आहे. पण त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट आहे, जी मला आमच्या वाड्यातल्या एका काकांनी सांगितली.

हे काका युगांडातल्या एका साखर कारखान्यात हिशेबाचे काम पाहत असत आणि १९७२ च्या अखेरीस दोन पेट्या घेऊन बडोद्याला परतले होते. त्यांच्या मनात कडवटपणा असेल अशी माझी समजूत होती. पुष्कळ वर्षांनी, सुरसागरच्या काठावर बसलेले असताना ते म्हणाले, “माझ्या शेजारी तोलकाट्यावर एक युगांडी माणूस चौदा वर्षे उभा होता. वजने तोंडपाठ सांगायचा. त्याला मी खतावणी कशी लिहितात ते कधी शिकवलं नाही. मालकांनी नको म्हटलं नव्हतं, सरकारनं नको म्हटलं नव्हतं. मलाच सुचलं नाही. आम्ही निघालो त्या दिवशी किल्ल्या घ्यायला लष्कराचा शिपाई आला, कारण किल्ल्या द्याव्यात असं दुसरं कोणी आम्ही तयारच केलं नव्हतं.” काकांनी हे स्वतःला दोष देण्यासाठी सांगितले नव्हते, झाले ते कसे झाले असावे याचा त्यांनी लावलेला तो हिशेब होता. उद्योग मागे काय ठेवतो, हा प्रश्न माझ्या मनात पहिल्यांदा उभा राहिला तो त्या संध्याकाळी.

सरकार बाजूला झाले की उद्योग देश घडवतो, या समजुतीची कसोटी पाहायची असेल तर झांबियाच्या तांब्याकडे पाहावे. तिथल्या राष्ट्रीयीकृत खाणी नव्वदच्या दशकात मोठ्या तोट्यात होत्या, तांब्याचे भाव पडलेले होते, देश कर्जात होता, आणि कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांचा आग्रह होता की खाणी विकाव्यात. १९९७ ते २००० या काळात त्या तुकड्यातुकड्यांनी विकल्या गेल्या. अडचणीत सापडलेला विक्रेता जसा सौदा करतो तसाच हा सौदा झाला: खाण कंपन्यांबरोबरच्या करारांत रॉयल्टीचा, म्हणजे काढलेल्या खनिजाबद्दल सरकारला द्यायच्या रकमेचा, दर ०.६ टक्के इतका ठरला, आणि कर वाढवता येणार नाहीत अशी दीर्घ मुदतीची हमी सरकारने दिली. २००४ नंतर तांब्याचे भाव जगभर चढले. नव्या मालकांनी गुंतवणूक केली, उत्पादन वाढले, हे मान्य केले पाहिजे. पण भाववाढीचा मोठा लाभ झांबियाच्या तिजोरीत आलाच नाही. २००८ मध्ये कायदा बदलून सरकारने रॉयल्टी ३ टक्के केली आणि तेव्हापासून करांचे दर इतक्या वेळा मागेपुढे झाले की गुंतवणूकदारही हैराण झाले. दुबळ्या हाताने केलेला करार अखेर दोन्ही पक्षांना टिकवता आला नाही.

शेजारच्या बोत्सवानाची गोष्ट निराळी आहे. १९६६ साली स्वतंत्र झालेला हा देश तेव्हा जगातील अत्यंत गरीब देशांपैकी एक होता. पुढच्याच वर्षी ओरापा येथे हिरे सापडले. खाणकाम डी बिअर्स या खासगी कंपनीने करावे, याला सरकारने हरकत घेतली नाही. मात्र १९६९ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त कंपनीतला सरकारचा वाटा सुरुवातीच्या १५ टक्क्यांवरून पुढच्या काही वर्षांतच ५० टक्क्यांवर नेण्यात आला, आणि कराराच्या प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी सरकार काहीतरी अधिक मागत गेले. हिऱ्यांची प्रतवारी आणि विक्री लंडनमध्ये होत असे. २०१३ मध्ये ती गॅबोरोनला आली. बोत्सवानाच्या अर्थव्यवस्थेचे हिऱ्यांवरचे अवलंबन आजही फार मोठे आहे, तिथली विषमता तीव्र आहे, आणि अलीकडे हिऱ्यांची मागणी घटल्यावर तिजोरीला बसलेला फटका उघड दिसला. तरीही शाळा, दवाखाने आणि रस्ते त्या पैशातून झाले. दोन्ही देशांत खाण चालवली खासगी कंपन्यांनीच. फरक पडला तो टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कोण बसले होते, त्याच्याजवळ भूगर्भतज्ज्ञ व कायदेतज्ज्ञ होते की नाही, आणि ‘हा सौदा आम्हाला नको’ असे म्हणून उठून जाण्याइतका वेळ त्याला होता की नाही, यामुळे.

भारतीयांनी हे विशेष लक्ष देऊन वाचावे असे याचे आणखी एक कारण आहे. झांबियातील कोंकोला खाणींचा बहुसंख्य वाटा २००४ मध्ये वेदांत या भारतीय वंशाच्या उद्योगसमूहाकडे आला. चिंगोला परिसरातील गावकऱ्यांनी अशी तक्रार केली की खाणीच्या सांडपाण्याने त्यांचे ओढे आणि शेती बिघडली. मूळ कंपनी लंडनमध्ये नोंदलेली असल्याने सुमारे १,८०० गावकऱ्यांनी तिथेच दावा लावला. एप्रिल २०१९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की हा खटला इंग्लंडमध्ये चालू शकतो. त्यामागचे एक मोठे कारण हे होते की इतक्या गरीब फिर्यादींना इतक्या गुंतागुंतीच्या खटल्यासाठी झांबियात वकील व पैसा मिळणे व्यवहारात शक्य नव्हते. २०२१ मध्ये कंपनीने, जबाबदारी मान्य न करता, तडजोड केली. पाण्यासारख्या मूलभूत गोष्टीसाठी गावकऱ्याला समुद्र ओलांडून जावे लागणे ही त्या देशाच्या न्यायव्यवस्थेची अडचण आहेच, पण उद्योगाचीही आहे. कारण जिथे दाद घरी मिळत नाही तिथे असंतोष रस्त्यावर येतो किंवा सरकार बदलले की परवान्यावर येतो. खुद्द कोंकोलाच्या बाबतीत झांबिया सरकारने २०१९ मध्ये खाण अवसायकाच्या, म्हणजे कंपनीचा कारभार गुंडाळण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, ताब्यात दिली आणि पाच वर्षांच्या वादानंतर ती समूहाकडे परत गेली.

आता उजळ बाजू. केनियात मार्च २००७ मध्ये सफारीकॉम या दूरध्वनी कंपनीने एम-पेसा सुरू केले. साध्या मोबाइलवरून पैसे पाठवण्याची ती सोय होती, आणि काही वर्षांतच खेड्यातल्या भाजीवालीपासून शहरातल्या रखवालदारापर्यंत सगळे तिच्यावर अवलंबून राहू लागले. खासगी कल्पकतेचे हे उदाहरण जगभर दिले जाते आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या जन्मकथेतील इतर पात्रे अनेकदा गाळली जातात. सुरुवातीच्या प्रयोगासाठी ब्रिटिश सरकारच्या विकास खात्याने जवळजवळ दहा लाख पौंडांचे अनुदान दिले होते. सफारीकॉममध्ये केनिया सरकारचा मोठा वाटा होता. केनियाच्या मध्यवर्ती बँकेने, बँक नसलेल्या कंपनीला पैसे हाताळू द्यावेत की नाही याचा विचार करून, ग्राहकांचे पैसे व्यापारी बँकांतील विश्वस्त खात्यांत वेगळे ठेवण्याच्या अटीवर हरकत घेतली नाही. आणि पुढे मोठ्या बँकांनी तक्रारी केल्या तेव्हा तपासणी करून ही व्यवस्था सुरक्षित असल्याचे सांगितले. पाय रोवून उभी असलेली मध्यवर्ती बँक नसती तर ही सेवा एकतर पहिल्या वर्षीच बंद पडली असती, किंवा कोणाचे तरी पैसे बुडाल्यावर बदनाम होऊन बंद पडली असती. आणि तिने मागे काय ठेवले? गल्लोगल्लीच्या दुकानदारांना प्रतिनिधी म्हणून उत्पन्न, आणि लाखो लोकांच्या नावावर पैशांच्या व्यवहारांची नोंद, जिच्या आधारे पुढे कर्ज मिळू लागले. त्याच नोंदीचा आधार घेऊन जबर व्याजाने कर्ज देणारी ॲपही निघाली, आणि त्यांना मध्यवर्ती बँकेच्या कक्षेत आणणारा कायदा २०२१ च्या अखेरीस करावा लागला. लगाम पुन्हा उशिरा आला, पण आला.

नायजेरियाचे उदाहरण बडोद्याच्या वाचकाला अधिक जवळचे वाटेल. कोयलीचा कारखाना १९६५ मध्ये सुरू झाला, आणि नायजेरियाचा पोर्ट हारकोर्ट येथील पहिला तेलशुद्धीकरण कारखानाही १९६५ मध्येच सुरू झाला. कोयली आजही सार्वजनिक मालकीचा आहे आणि त्याची क्षमता वर्षाला १ कोटी ३७ लाख टनांवर पोहोचली आहे. नायजेरियाचे सरकारी कारखाने मात्र वर्षानुवर्षे बंद किंवा अर्धवट चालू राहिले, आणि आफ्रिकेतील हा आघाडीचा तेल उत्पादक देश पेट्रोल परदेशांतून विकत आणत राहिला. म्हणजे सरकारी मालकी हे अपयशाचे पुरेसे स्पष्टीकरण नाही. त्या आयातीवर आणि सरकारी अनुदानावर पोट भरणाऱ्यांची साखळी हे त्याहून खरे कारण आहे. ती साखळी अखेर एका खासगी उद्योजकाने तोडण्याचा प्रयत्न केला. अलिको डांगोटे यांचा लागोसजवळील लेक्की येथील कारखाना रोज साडेसहा लाख पिंप तेल शुद्ध करण्याच्या क्षमतेचा आहे. जानेवारी २०२४ मध्ये तिथे उत्पादन सुरू झाले. त्याच्या उभारणीत भारत सरकारच्या मालकीच्या इंजिनिअर्स इंडिया या कंपनीने सल्लागार म्हणून काम केले, ही आपल्यासाठी समाधानाची गोष्ट आहे.

डांगोटे यांची वाढ मुक्त बाजारात झाली, असे मात्र कोणी समजू नये. सिमेंटच्या क्षेत्रात त्यांचा पाया रचला गेला तो २००२ पासूनच्या सरकारी धोरणामुळे: ज्यांना सिमेंट आयात करायचे आहे त्यांनी देशात कारखाना उभारला पाहिजे, अशी अट सरकारने घातली. त्यामुळे सिमेंट आयात करणारा देश दहा-बारा वर्षांत स्वयंपूर्ण झाला. पण मोजक्याच कंपन्या उरल्याने सिमेंटचे भाव चढे राहिले, अशी टीका सातत्याने होते आणि मला ती रास्त वाटते. संरक्षण देणाऱ्या सरकारने ते काढून घेण्याची तारीखही ठरवली पाहिजे. खाणीवर बसलेल्या परदेशी कंपनीची मक्तेदारी वाईट आणि देशी उद्योगपतीची मक्तेदारी चांगली, असा भेद घर बांधणाऱ्या माणसाच्या खिशाला समजत नाही.

या मोठ्या नावांच्या चर्चेत खरा खासगी उद्योग हरवून जातो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या हिशेबाप्रमाणे आफ्रिकेतील सुमारे ८५ टक्के रोजगार अनौपचारिक आहे. वेल्डिंगचे दुकान, शिलाईचे यंत्र, भुईमुगाचे तेल काढणारा घाणा, दोन मोटारसायकली भाड्याने देणारा माणूस, हे सारे खासगी उद्योजकच आहेत; धोरणाच्या भाषणात त्यांचे नाव नसते एवढेच. त्यांच्या दोन अडचणी आहेत. पहिली वीज: खंडातील सुमारे ६० कोटी लोकांच्या घरी ती नाही, आणि जिथे आहे तिथे बेभरवशाची आहे, म्हणून वेल्डिंगवाला डिझेलच्या जनित्रावर काम करतो आणि त्याचा माल आयात मालापेक्षा महाग पडतो. दुसरी पत. नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेचा धोरणदर, म्हणजे बँकांच्या व्याजाला आधारभूत असलेला दर, २०२४ च्या अखेरीस २७.५ टक्के होता; त्यावर आपला वाटा चढवून बँक कर्ज देणार, तेव्हा त्या व्याजात बसेल असा कोणता प्रामाणिक धंदा शिलाईच्या यंत्रावर करता येईल? सरकारच इतके मोठे कर्जदार असते की बँकांना सरकारी रोख्यांत पैसे ठेवून स्वस्थ बसणे परवडते. लहान उद्योजकाला स्पर्धा करावी लागते ती परदेशी कंपनीशी नंतर, स्वतःच्या सरकारच्या कर्जाशी आधी. १९१३ ते १९१७ या काळात आपल्याकडे डझनावारी स्वदेशी बँका बुडाल्या आणि बडोद्याची बँक तगली, ती संस्थानाचा भक्कम पाठिंबा होता आणि कारभार सांभाळून केला गेला म्हणून. लहान व्यापाऱ्याला पत देणारी संस्था किती जपावी लागते, हे आपण विसरता कामा नये.

सीमांची अडचण यात भर घालते. आफ्रिकेतील देशांचा एकमेकांशी होणारा व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या साधारण १५ टक्के आहे. खंडव्यापी मुक्त व्यापार क्षेत्राचा करार मार्च २०१८ मध्ये किगाली येथे झाला, ५४ देशांनी त्यावर सही केली आणि १ जानेवारी २०२१ पासून त्याखाली व्यापार सुरू झाल्याचे जाहीर झाले. पण करारावरची सही आणि नाक्यावरचा ट्रक यांत अंतर असते. झांबिया आणि झिम्बाब्वे यांच्या सीमेवरील चिरुंडू येथे २००९ मध्ये दोन्ही देशांची तपासणी एकाच ठिकाणी करण्याची व्यवस्था झाली आणि दिवसेंदिवस खोळंबणारे ट्रक लवकर सुटू लागले. गुजरातने जकात रद्द केली २००७ साली. छाणी जकातनाका हे नाव बडोद्यात अजून चालते, पण तिथल्या ट्रकांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना चिरुंडूचे महत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. लहान उद्योजकाला सर्वांत स्वस्त मदत कोणती असेल, तर त्याचा माल शेजारच्या देशात एका दिवसात पोहोचू देणे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हलका नाही. राज्यसंस्था सक्षम असावी म्हणणे सोपे आहे. ज्या देशात सरकारच भ्रष्ट आहे तिथे तिच्या हाती आणखी अधिकार देणे म्हणजे चोराच्या हाती तिजोरी देणे नव्हे काय? या आक्षेपाला माझे उत्तर असे की सक्षम राज्यसंस्था आणि सर्वत्र हात घालणारी राज्यसंस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोत्सवानाने हिऱ्यांची खाण स्वतः चालवली नाही, केनियाच्या मध्यवर्ती बँकेने स्वतः मोबाइलची सेवा काढली नाही. त्यांनी करार नीट वाचले, हिशेब तपासले आणि अट घालून परवानगी दिली. यासाठी मोठी नोकरशाही लागत नाही. पंचवीस-तीस चांगले कायदेतज्ज्ञ, हिशेबतपासनीस आणि अभियंते लागतात, आणि कोणत्याही कंपनीबरोबरचा करार जनतेपुढे ठेवण्याची सक्ती लागते. उलट राज्यसंस्था दुबळी असताना उद्योगाला मोकळे सोडले, तर भ्रष्टाचार कमी होत नाही; तो परवान्यांच्या रांगेतून उठून खरेदीच्या करारात जाऊन बसतो. इथिओपियाच्या गांबेला प्रांतात गुलाबाचा व्यवसाय करणाऱ्या बंगळूरच्या एका कंपनीला एक लाख हेक्टर जमीन अत्यल्प भाड्याने दिली गेली होती. तिच्यापैकी थोडीच जमीन कसली गेली आणि २०१५ च्या अखेरीस करार रद्द झाला. ज्या सरकारने ही जमीन दिली तेही दुबळे नव्हते. पण त्याने तिथे राहणाऱ्यांना विचारले नव्हते, आणि विचारले असते तर पावसाळ्यात ती जमीन पाण्याखाली जाते हे कोणीही सांगितले असते.

राहिला आपला वाटा. भारताची आयात-निर्यात बँक सरकारच्या वतीने आफ्रिकी देशांना जी कर्जे देते, त्यांच्या सर्वसाधारण अटीप्रमाणे निदान ७५ टक्के माल व सेवा भारतातून घ्याव्या लागतात. त्या पैशातून उपकेंद्रे, पाणीयोजना, साखर कारखाने उभे राहतात, आणि मकरपुरा, वाघोडिया, सावली येथे तयार होणाऱ्या ट्रान्सफॉर्मरना, पंपांना, स्विचगिअरला गिऱ्हाईक मिळते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. कर्ज देणारा देश आपल्या कारखान्यांचा विचार करणारच. पण उरलेल्या २५ टक्क्यांचा विचार कोणी करतो काय? ट्रान्सफॉर्मर मालावीला किंवा मोझांबिकला पोहोचतो, बसवला जातो, आपले अभियंते परत येतात. चार वर्षांनी त्याची गुंडाळी जळते, आणि ती पुन्हा भरून देणारा माणूस त्या जिल्ह्यात नसतो. गुंडाळी भरणे हे बडोद्यात शेकडो लहान कारखान्यांत चालणारे, हाताने शिकण्याचे काम आहे. बारावी न झालेली मुलेही सहा-आठ महिन्यांत ते शिकतात.

माझी सूचना मोठी नाही. अशा प्रत्येक कर्जाच्या करारात एक कलम असावे की जिथे यंत्र बसेल तिथे दुरुस्तीची एक कर्मशाळा स्थानिक मालकीने उभी राहील, तिच्यासाठी कर्जाचा दोन-तीन टक्के हिस्सा राखून ठेवला जाईल, आणि पुरवठादार कंपनी तिथल्या दहा-वीस मुलांना वर्षभर इथे आणून आपल्या कारखान्यात काम शिकवील. कलाभवनाची इमारत आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेकडे आहे, तिथल्या कर्मशाळा आहेत, शिकवणारे आहेत, आणि शहरात आफ्रिकी विद्यार्थी आजही येतात. त्यांतले बरेच पदवी घेऊन परततात; यंत्र उघडून पुन्हा बसवता येईल इतके हातचे काम मात्र थोड्यांनाच मिळते. बडोद्याच्या उद्योजकांच्या संघटनांनी विद्यापीठाशी बोलून ही व्यवस्था सुरू करायला दिल्लीच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. पहिल्या वर्षी पाच कारखाने आणि दहा मुले एवढ्यावरही ती सुरू करता येईल, आणि त्या दहांपैकी निदान एकाला कारखान्यातल्या हिशेबनिसाच्या शेजारी बसवून खतावणी कशी लिहितात तेही शिकवावे.